शाळेच्या ताटातली ज्वारी

१९७२ च्या दुष्काळात मी चौथीत होतो. त्या वर्षी आमच्या मराठवाड्यात बहुतेक घरांच्या कणगीत ज्वारी नव्हती. रेशनच्या दुकानात 'मिलो' नावाची परदेशी तांबडी ज्वारी मिळे. तिच्या पिठाला चिकटपणा नसे, भाकरी थापायला घेतली की कडेने चिरत जाई. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्यांना सुकडी मिळे आणि आई आपल्या वाट्यातली थोडी पदरात बांधून आमच्यासाठी आणी. त्या वर्षाविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. मला सांगायची आहे ती त्यानंतरची गोष्ट. दुष्काळ सरला, घरात पुन्हा पांढरी ज्वारी आली आणि मी भाकरी फडक्यात बांधून शाळेत जाऊ लागलो. परंतु मधल्या सुट्टीत ती भाकरी मी शाळेच्या मागच्या भिंतीआड बसून खात असे. गुरुजींच्या आणि दुकानदाराच्या मुलांच्या डब्यात गव्हाची पोळी असे. माझ्याजवळ भाकरी, अंबाडीची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी. आज आहारशास्त्र जाणणारी माणसे ज्या जेवणाची शिफारस करतात, तेच जेवण मी तोंड लपवून खात होतो.

पुढे पस्तीस वर्षे मी प्राथमिक शिक्षक म्हणून नोकरी केली. शाळेतील आहार या विषयावर स्मरणिकेसाठी लिहावे असे मंडळींनी सुचवले, तेव्हा प्रथम ती भिंत आठवली. कारण शाळेत स्थानिक आणि सकस अन्न का येत नाही, याची पैसा, गोदाम, कंत्राट अशी अनेक कारणे सांगितली जातात आणि ती खरीही आहेत. पण त्यांच्या तळाशी ही लाज बसलेली आहे, असे माझे मत आहे. जे अन्न गरिबाचे म्हणून ओळखले गेले, ते शाळेच्या ताटात वाढण्यासारखे आहे हे कुणालाच, अगदी गरिबालाही, वाटत नाही.

शाळेत जेवण देण्याची कल्पना आपल्या देशात नवी नाही. मद्रास महापालिकेने १९२० साली थाउजंड लाइट्स भागातल्या आपल्या शाळेत दुपारचे जेवण सुरू केले. जस्टिस पक्षाचे नेते सर पी. त्यागराय चेट्टी तेव्हा महापालिकेचे प्रमुख होते आणि खर्चाची मर्यादा होती दर मुलामागे दररोज एक आणा. ब्राह्मणेतर आणि अस्पृश्य मुलांनी शाळेत यावे, आलेल्यांनी टिकावे, हा त्यामागचा साधा हिशेब होता. पुढे कामराज यांनी १९५६ च्या सुमारास आणि एम. जी. रामचंद्रन यांनी १९८२ मध्ये तीच योजना तमिळनाडूभर नेली. 'फुकट जेवायला घालून मुले शिकतात काय', अशी टीका तेव्हाही झाली. ती करणारे बहुतेक स्वतः जेवून आलेले असतात, हे वेगळे सांगायला नको.

केंद्र सरकारने ही योजना देशभर सुरू केली ती १५ ऑगस्ट १९९५ रोजी. महाराष्ट्रात सुरुवातीला शिजवलेले अन्न मिळत नसे. महिन्यात ८० टक्के हजेरी भरलेल्या मुलाला ३ किलो तांदूळ घरी न्यायला मिळे. मी स्वतः तराजू धरून तो वाटला आहे. पोते फोडले की वर्गात धूळ उडे, मुले पिशव्या घेऊन रांगेत उभी राहत आणि हजेरीपटात एक दिवस कमी पडला म्हणून रडणाऱ्या पोराला परत पाठवताना जीव जड होई. तो तांदूळ घरी गेल्यावर सगळ्यांच्या तोंडी घासघास येई; काही ठिकाणी दुकानात जाऊन त्याचे तेलमीठ होई. मुलाच्या पोटात किती जाई, ते कोण सांगणार?

शिजवलेले अन्न आले ते न्यायालयामुळे. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी आदेश दिला की, सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळेतील प्रत्येक मुलाला वर्षातून किमान २०० दिवस शिजवलेले जेवण मिळाले पाहिजे. त्याच प्रकरणात २० एप्रिल २००४ रोजी आणखी एक आदेश झाला, आणि तो आपल्या प्रत्येक सभासदाला माहीत असला पाहिजे. स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती व अनुसूचित जमातींच्या व्यक्तींना प्राधान्य द्यावे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. पाण्यासाठी १९२७ साली महाडला जो संघर्ष झाला, त्याच्या पंचाहत्तर वर्षांनंतर प्रश्न भाताच्या पातेल्याशी येऊन थांबला होता.

कागदावर आदेश आला तरी गावात काय होते ते मी पाहिले आहे. मी ज्या एका शाळेत सहायक शिक्षक होतो, तेथे आपल्या वस्तीतल्या एका बाईंची नेमणूक झाली. पहिल्या आठवड्यात अकरा मुले घरून डबा घेऊन येऊ लागली. मग मुख्याध्यापकांनी तोडगा काढला: बाईंनी भांडी घासायची, तांदूळ निवडायचा, पाणी भरायचे आणि चुलीजवळ दुसऱ्या बाईंनी राहायचे. पगारपत्रकावर दोघी स्वयंपाकी. दोन महिने असे चालले आणि ते दोन महिने मी काही बोललो नाही. नोकरी नवी नव्हती, भीतीही फारशी नव्हती, पण बोललो नाही. शेवटी त्या बाईंनीच कुणाकडून तरी न्यायालयाच्या आदेशाची छायाप्रत मिळवली आणि मुख्याध्यापकांच्या टेबलावर नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवसापासून पातेल्यात पळी त्यांची होती. अकरा डब्यांपैकी आठ महिनाभरात बंद झाले. उरलेले तीन मुले सातवी होऊन जाईपर्यंत येत राहिले.

हे जुने झाले असे कुणी समजू नये. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडातील चंपावत जिल्ह्यात सुखीढांग येथील शाळेत दलित भोजनमातेच्या हातचे जेवण सवर्ण मुलांनी नाकारले आणि तिला कामावरून दूर करण्यात आले. त्यावर दलित मुलांनी नव्या भोजनमातेच्या हातचे जेवण नाकारले. बातमी देशभर गेली आणि त्या बाईंना पुन्हा कामावर घ्यावे लागले. मोठ्यांनी घातलेली गाठ मुलांनी आपल्या परीने सोडवली.

आता ताटात काय असते ते पाहू. योजनेचे नाव २०२१ साली बदलून 'प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण' असे झाले, परंतु मापे साधारण तीच राहिली. पहिली ते पाचवीच्या मुलाला दररोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. त्यातून ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असे अपेक्षित आहे. सहावी ते आठवीसाठी १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, ७.५ ग्रॅम तेल. ७०० कॅलरी व २० ग्रॅम प्रथिने. विद्यार्थी मित्रांनो, हा हिशेब तुम्ही आपल्या शाळेच्या पटाशी गुणून पाहा. प्राथमिकच्या १०० मुलांसाठी रोज १० किलो धान्य, २ किलो डाळ, ५ किलो भाजी आणि अर्धा किलो तेल पातेल्यात पडले पाहिजे. बहुतेक ठिकाणी १० किलो धान्य पडते. भाजीचे ५ किलो मात्र कुठे जातात, हे विचारण्यासारखे आहे. दोन कांदे, चार टोमॅटो आणि हळद एवढ्यावर 'भाजीपाला' या रकान्यात बरोबरची खूण झालेली मी अनेकदा पाहिली आहे. शिक्षकाला दोष देणे सोपे आहे. पण १ मे २०२५ पासून लागू झालेल्या दराप्रमाणे डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन या सगळ्यासाठी मिळून प्राथमिकच्या मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे आणि उच्च प्राथमिकसाठी १० रुपये १७ पैसे ठरले. टपरीवर एका कपाला जेवढे पैसे पडतात, त्याहून कमी पैशांत एका मुलाची डाळ-भाजी बसवायची आहे.

धान्य मात्र जवळजवळ नेहमी तांदूळच. ज्वारी-बाजरीच्या मुलखात रोज तांदूळ का? याचे उत्तर स्वयंपाकघरात सापडत नाही, गोदामात सापडते. १९६५ साली भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले, हरितक्रांती आली, आणि सरकारने हमीभावाने मोठ्या प्रमाणावर घेतले ते गहू व तांदूळ. सडलेला पांढरा तांदूळ वर्षानुवर्षे टिकतो. त्याउलट बाजरीत स्निग्धांश जास्त, त्यामुळे तिचे पीठ थोड्या दिवसांतच कडू पडते. खरीप ज्वारी काढणीच्या वेळी पावसात सापडली की काळी पडते. एका राज्यात खरेदी करून दुसऱ्या राज्यात वर्षभर पुरवायचे असेल, तर कारकुनाला तांदूळच सोयीचा. आणि एकदा सरकार घेत नाही म्हटल्यावर शेतकरीही पेरीत नाही. आमच्याकडे ज्वारीच्या रानात सोयाबीन आले ते याच वाटेने. विशेष म्हणजे, पेरा घटल्यामुळे आता चांगली रब्बी ज्वारी बाजारात अनेकदा गव्हापेक्षा महाग असते आणि शहरातल्या हॉटेलांत 'ज्वारीची भाकरी' पाटीवर लिहून विकतात. भिंतीआड बसून खाल्लेली माझी भाकरी आता चांगली किंमत घेऊ लागली आहे, पण शाळेत अजून आलेली नाही.

तांदळाविषयी माझे वैर नाही. कोकणात, भंडारा-गोंदियात तो तिथला स्वतःचाच आहे. प्रश्न असा की, एकाच धान्यावर वाढणाऱ्या मुलाच्या अंगाला काय कमी पडते? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांनुसार १०० ग्रॅम पांढऱ्या तांदळात लोह १ मिलिग्रॅमपेक्षाही कमी असते. ज्वारीत सुमारे ४, बाजरीत ६ मिलिग्रॅमच्या वर. तांदळात कॅल्शियम १० मिलिग्रॅमच्या आत, तर नाचणीत ३६० च्या आसपास. तंतुमय भाग तांदळात ३ ग्रॅमपेक्षा कमी, ज्वारीत १०. हे आकडे आपल्यासाठी नुसते पाठांतराचे नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांपैकी ६८.९ टक्के आणि १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के रक्तक्षयी आढळल्या. पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी होती. तीच बालके पुढे पहिलीच्या वर्गात येऊन बसतात. तिसऱ्या तासाला फळ्याकडे पाहता पाहता डोळे मिटणारी मुलगी 'मठ्ठ' नसते, तिच्या रक्तात लोह नसते. हे मला उमगले तेव्हा नोकरीची वीस वर्षे उलटली होती, आणि त्या वीस वर्षांत किती मुलींना मी बाकावर उभे केले याचा हिशेब कुठल्या हजेरीपटात नाही.

सरकारने यावर एक उपाय काढला. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक अॅसिड आणि ब-१२ जीवनसत्त्व मिसळून त्याचे दाण्यासारखे दाणे करायचे आणि साध्या तांदळाच्या दर शंभर दाण्यांत असा एक दाणा मिसळायचा. २०२१ नंतर असा तांदूळ शाळांना देण्यास सुरुवात झाली. गावोगाव 'प्लास्टिकचा तांदूळ आला' अशी ओरड झाली, कारण ते दाणे पाण्यावर तरंगतात आणि रंगाने थोडे वेगळे दिसतात. ते प्लास्टिक नाही. सभासदांनी ही अफवा पसरवू नये. पण गिरणीत कोंडा काढून टाकायचा आणि मग वरून लोह घालायचे, यापेक्षा ज्यात ते मुळातच आहे ते धान्य आठवड्यातून दोनदा दिले तर काय बिघडेल, हा प्रश्न उरतोच.

नुसते धान्य बदलून मात्र सगळे साधत नाही. धान्यातल्या आणि डाळीतल्या लोहाला फायटेट नावाचा घटक धरून ठेवतो, त्यामुळे पोटात गेलेले सगळे लोह रक्तात जात नाही. आपल्या आज्यांना फायटेट हा शब्द माहीत नव्हता, पण त्यांनी मटकीला मोड आणले, ज्वारीच्या पिठाची आंबील रात्रभर आंबवली, आणि उसळीवर लिंबू पिळले. मोड आणल्याने व आंबवल्याने फायटेट कमी होते, आणि क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करते. पेरू आणि आवळा यांत ते भरपूर असते, तेही संत्र्यापेक्षा कितीतरी अधिक. जेवणावर लगेच चहा प्यायला की तेच लोह पुन्हा अडते. लहान मुलांना चहा-बटर देऊन शाळेत पाठवणाऱ्या आयांनी एवढे ध्यानात ठेवावे.

भाजीचेही तसेच. शेवग्याचा पाला, अंबाडी, तांदुळजा, घोळ, चिघळ, पाथरी, करडईची कोवळी भाजी. यांतली अर्धी शेताच्या बांधावर आपोआप येतात. शेवग्याच्या पाल्यात कॅल्शियम दुधापेक्षा जास्त आहे. शाळेच्या कुंपणाला चार शेवग्याची झाडे लावली तर दोन वर्षांत पन्नास मुलांची आठवड्यातून एक वेळची सोय होते. परसबागेची योजना कागदावर आहेच. केंद्राने २०१९ मध्ये तिच्या सूचना काढल्या. परंतु पुष्कळ ठिकाणी परसबाग म्हणजे तपासणीच्या आठवड्यात लावलेली झेंडूची रोपे असतात. आपल्या समाजाची खाद्यपरंपरा शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ साली आलेल्या पुस्तकात नोंदवून ठेवली आहे. ज्यांना 'आपल्याकडे काय होतं खायला?' असे वाटते, त्यांनी ते वाचावे. काहीच नसताना माणसांनी काय काय शोधून, वाळवून, कुटून पोरांना वाढवले, हे त्यात दिसते.

अंड्याचा प्रश्न वेगळा आहे आणि त्यावर मंडळात मतभेद होतील हे मला माहीत आहे. एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम उत्तम प्रथिने मिळतात, म्हणजे प्राथमिकच्या मुलाच्या दिवसाच्या मापातली निम्मी. त्यात भेसळ करता येत नाही, पाणी घालता येत नाही, आणि मुलाच्या हातात पडले की नाही हे लांबूनही दिसते. तमिळनाडूने अनेक वर्षे शाळेच्या प्रत्येक दिवशी अंडे दिले. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एक अंडे, आणि जे खात नाहीत त्यांना केळे, असा निर्णय झाला. मुलांनी त्याचे कसे स्वागत केले हे शाळेतल्या माणसाला विचारा. त्या वारी हजेरी चढत असे. काही लोकांनी विरोध केला. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा वेगळा निधी बंद झाला आणि शाळांना सांगण्यात आले की, द्यायचे तर लोकसहभागातून द्या. नाचणीसत्त्वाचेही तेच झाले. म्हणजे जे ताटात सर्वांत मोलाचे, ते ऐच्छिक ठरले. आपल्यातही अंडे न खाणारे उपासक आहेत आणि त्यांच्या मुलांना केळे मिळालेच पाहिजे. पण खाणाऱ्याच्या ताटातले अंडे न खाणाऱ्याने उचलावे, हे मला मान्य नाही.

ब्राझील देशाने याबाबत जे केले ते आपण समजून घेण्यासारखे आहे. तेथे २००९ साली कायदा झाला की, शाळेच्या जेवणासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशांपैकी किमान ३० टक्के रक्कम लहान शेतकरी कुटुंबांच्या मालावर खर्च केली पाहिजे. पुढे कायद्यात दुरुस्ती करून हा वाटा आणखी वाढवण्यात आला. खरेदीत प्राधान्य कुणाला? जमीनवाटपात जमीन मिळालेल्या कुटुंबांना, आदिवासींना, आणि गुलामगिरीतून पळून जाऊन ज्यांनी वस्त्या वसवल्या त्या कृष्णवर्णीयांच्या वंशजांना. म्हणजे ज्यांच्या मुलांना शाळेत जेवायचे, त्यांच्याच शेतातला राजमा, कसावा आणि केळी शाळेने रोख पैशांत विकत घ्यायची. आपल्याकडे गायरान कसणारी कितीतरी कुटुंबे आहेत. त्यांची ज्वारी आणि तूर गावच्या शाळेने विकत घ्यावी, असा विचारही अजून झालेला नाही.

तोवर काय करता येईल? शिक्षण हक्क कायद्याने (२००९) प्रत्येक सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती ठेवली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक, निम्म्या स्त्रिया, आणि दुर्बल घटकांतील पालकांना प्रमाणात जागा. आपली माणसे या समितीवर असतात, पण पुष्कळदा सही करण्यापुरती. बैठकीत आहाराची नोंदवही मागायला पैसे लागत नाहीत. मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने आणि एखाद्या पालकाने जेवण चाखून पाहायचे असा नियम आहे. २०१३ साली बिहारच्या सारण जिल्ह्यात कीटकनाशक मिसळलेल्या तेलामुळे २३ मुले गेली, ती याच कामात हयगय झाल्यामुळे. चाखायला रोज एक आई गेली तरी भाजीचे वजन आपोआप वाढते, हा माझा अनुभव आहे. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत अति मीठ, साखर व चरबीचे पदार्थ विकू नयेत, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. पाच रुपयांचा पुडा तिथेच विकला जातो आणि दुपारी मूल ताटातली उसळ बाजूला सारते. दुकानदार आपल्याच गावचा असतो. त्याच्याशी बोलता येते. आपले मंडळ ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीनिमित्त शाळेत गोळ्या-बिस्किटे वाटते. त्याच पैशांत शेंगदाणा-गुळाचे लाडू होतात.

ज्वारीविषयी नेहमी घेतला जाणारा आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर दिले पाहिजे. दीडशे मुलांना दोन-दोन भाकरी म्हणजे तीनशे भाकरी. एका भाकरीला दोन मिनिटे धरली तरी एका तव्यावर दहा तास. नियमाप्रमाणे दीडशे मुलांना तीन स्वयंपाकी मिळतात. तिघींनी तीन तवे मांडले तरी सव्वातीन तासांहून अधिक, आणि त्यानंतर भाजी. केंद्राने २००९ मध्ये त्यांचे मानधन महिना १,००० रुपये ठरवले, तेही वर्षातले दहा महिने. राज्याने त्यात भर घातली तरी ते मजुरीपेक्षा कमीच राहिले. त्या बाईंकडून भाकरीची अपेक्षा करणे अन्याय आहे. परंतु ज्वारी म्हणजे फक्त भाकरी नव्हे. कण्या आहेत, घुगऱ्या आहेत, लाह्या आहेत, आंबील आहे. ज्वारी जाडसर भरडून तिच्या कण्या केल्या की त्या तांदळासारख्याच पातेल्यात शिजतात, एका वेळी शंभर जणांच्या.

निवृत्तीनंतर माझ्या गावच्या शाळेत आम्ही हे करून पाहिले. पट ९० चा, सगळे प्राथमिकचे. आठवड्यातून एक दिवस कण्यांची खिचडी, म्हणजे दर वेळी ९ किलो ज्वारी आणि वर्षाच्या ३५ आठवड्यांना ३१५ किलो. समितीच्या बैठकीत हा आकडा ऐकून सगळे गप्प झाले. मग एका आजीने हिशेब केला की, पोरामागे घरटी साडेतीन किलोच होतात. खळ्याच्या दिवसांत ती जमली. ज्यांच्याकडे शेत नाही त्यांच्याकडून घेतली नाही. पहिल्या दिवशी निम्मी खिचडी ताटात उरली. कण्या कचकच लागत होत्या. स्वयंपाक करणाऱ्या ताई म्हणाल्या, 'गुरुजी, तुम्ही सकाळी भिजवा म्हणालात, इथंच चुकलं.' पुढच्या आठवड्यापासून त्या आदल्या संध्याकाळी भिजवू लागल्या, मुगाची डाळ तिसऱ्या हिश्श्याने घातली, वरून शेंगदाण्याचा कूट आणि कुंपणाच्या शेवग्याचा पाला चिरून. तिसऱ्या आठवड्यात ताटे स्वच्छ होती. एका मुलाने विचारले की घरी आजी खाते तेच हे का? 'तेच,' असे ताईंनी सांगितल्यावर त्याने परत वाढून घेतले.

आता अडचण एकच आहे. गावचा गिरणीवाला नऊ किलोसाठी दर आठवड्याला गिरणीचे दगड सैल करून द्यायला तयार नाही. पीठ हवे तर दळून देतो म्हणतो. म्हणून भरडायला जाते हवे. शोध घेतला तर अडगळीत पडलेली दोन जाती सापडली. एकाला टाकी लावून घ्यावी लागेल, दुसऱ्याचा खुंटा मोडला आहे. खुंटा बसवून द्यायला सुतार रविवारी येतो म्हणाला आहे.